बॉयलरची आंघोळ

झिंगाबाई टाकळीच्या त्या गल्लीत निखाऱ्यांचं घर विचारलं की लोक आधी हसत आणि मग सांगत, "बॉयलरवाले ना? ते काय, निळ्या फाटकाचं." नव्या माणसाला वाटे, कोंबड्यांचा धंदा असेल. धंदा कसलाच नव्हता. मारोतराव निखारे खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षं फिटर होते. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कॉलनीतल्या एका कुत्रीचं पिल्लू त्यांनी शर्टाच्या आत घालून घरी आणलं. आई गावठी, बाप कुणा साहेबाच्या बंगल्यावरचा झुपकेदार केसांचा. पिल्लू घटकाभर एका जागी निवत नसे. चपला, पायपुसणं, गॅसची नळी, जे दिसेल त्यावर झडप. "हे काही थंड होत नाही," असं म्हणून मारोतरावांनी त्याचं नाव ठेवलं बॉयलर.

त्यांच्या बायकोला, कौशल्याबाईंना, हे पाहुणं नकोच होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कुत्र्याचं सारं तुम्ही पाहाचं. माह्या सैपाकघरात त्याचा पाय पडला तं मी उमरेडले निघून जाईन." उमरेड त्यांचं माहेर. मारोतरावांनी हा शब्द आठ वर्षं पाळला. खाणं, फिरवणं, गोचिड काढणं, इंजेक्शनं, सगळं त्यांच्याकडे. आणि दर रविवारी सकाळी मागच्या आंगणात आंघोळ. एरवी वाऱ्यावर उडणारं ते जनावर अर्धा तास कसं उभं राही, कोण जाणे. कौशल्याबाई केस आत उडू नयेत म्हणून मागचं दार लावून घेत. दाराआडून बादलीचा आवाज येई आणि मारोतरावांचं हळू आवाजात चाललेलं बोलणं. ते काय बोलतात, याकडे त्यांनी कधी लक्ष दिलं नाही. हातात पोळ्या असत, कुकरच्या शिट्या मोजायच्या असत. शिवाय नवरा कुत्र्याशी काय बोलतो, हे दाराला कान लावून ऐकायचं कुणाच्या मनात येतं?

या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी मारोतराव बूट घालता घालता एका अंगावर कलंडले. लकवा होता. उजवा हात आणि उजवा पाय गेला, वाचाही गेली. अकरा दिवस दवाखान्यात काढले. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं समजतं आहे, फक्त शब्द सापडत नाहीत. नवव्या दिवशी पहिले शब्द फुटले, "तसं नाही." कौशल्याबाईंना कोण आनंद झाला! उशी टोचते वाटतं, म्हणून त्यांनी उशी सरकवली. "तसं नाही." पंखा कमी केला. "तसं नाही." चहा पाजला, तो मिटक्या मारत घेतला आणि म्हणाले, "तसं नाही." संध्याकाळपर्यंत त्यांच्या लक्षात आलं की नवऱ्याजवळ एवढे दोनच शब्द उरले आहेत. भूक, तहान, लघवी, माया, राग, सगळ्याला तेच.

मारोतरावांना घरी आणल्यावर बॉयलरने खाटेभोवती इतक्या चकरा मारल्या की कौशल्याबाईंना भोवळ यायची वेळ आली. मग तो खाटेखाली जाऊन बसला. त्याला दोन वेळा भाकरी-दूध घालणं, सकाळ-संध्याकाळ फाटकाबाहेर नेणं एवढं त्या करू लागल्या. आंघोळीचं मनात आलं नाही. माणसाचं अंग पुसणं, कूस बदलणं, हातापायाला व्यायाम देणं यातच दिवस मावळे. मुलगी ऋतुजा महिनाभर येऊन राहिली आणि हैदराबादला नोकरीवर परत गेली.

होळी झाली, ऊन तापलं, कुलर सुरू झाला. बॉयलर कुलरपुढच्या ओल्या फरशीवर पोट टेकून पडून राही. एक दिवस कौशल्याबाईंच्या लक्षात आलं की घरात सारखा टकटक आवाज येतो. तो मागच्या पायाने मान खाजवत होता आणि पट्ट्याची कडी वाजत होती. दुसऱ्या दिवशीही तेच. मग आंबलेल्या कणकेसारखा वास येऊ लागला. शेपटीच्या मुळाशी तळहाताएवढी लाल, ओली जागा झाली, पंजे चाटून चाटून गुलाबी झाले. पोटाकडच्या आणि कानामागच्या केसांच्या जटा बनल्या.

शेजारच्या लतिकाबाई म्हणाल्या, "खोबऱ्याच्या तेलात कापूर टाक आन् चोपड वं. माह्या भासऱ्याच्या कुत्र्याले आठ दिवसांत आराम पडला होता." कौशल्याबाईंनी चोपडलं. बॉयलरने ते सगळं चाटून काढलं. दुपारी तो ओकू लागला, तोंडातून लाळेच्या तारा सुटल्या आणि पाय थरथरायला लागले. तीन ऑटोवाल्यांनी कुत्रं पाहून मान हलवली, चौथ्याने चादर टाकून बसू दिलं.

मानकापूरला जनावरांच्या डॉक्टर होत्या, मिनल बारापात्रे. वय पस्तिशीच्या आत. त्यांनी आधी सलाईन लावलं, ओकारी थांबवली आणि मग म्हणाल्या, "काकू, कापूर कुत्र्याला विषासारखा आहे. पुन्हा काहीही लावायचं असेल तर आधी मला फोन करा." त्यांनी जखमेवर काच टेकवली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. "बुरशी आहे, जंतूही आहेत. आणि मुळात याला कशाची तरी अ‍ॅलर्जी असावी. याआधी कधी असं झालं होतं का?"

"मले नाही माहीत," कौशल्याबाई म्हणाल्या. "त्याचं सारं हेच पाहत होते."

"मग त्यांना विचारा."

कौशल्याबाईंनी लकव्याचं आणि त्या दोन शब्दांचं सांगितलं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्याने अंग चाटू नये म्हणून गळ्यात घालायला प्लास्टिकचं नरसाळं दिलं आणि एक औषधी शाम्पू. आठवड्यातून दोनदा आंघोळ. फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं राहिला पाहिजे, मग धुवायचं, मग मुळापर्यंत कोरडं करायचं. ओल राहिली तर बुरशी वाढणार. "पूर्ण बरा होईल असं मी सांगत नाही, काकू. अ‍ॅलर्जी जन्माची असते. आटोक्यात ठेवता येते."

आटोक्यात. कौशल्याबाई परतताना त्याच शब्दावर अडून राहिल्या. नवऱ्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं, फक्त ते इंग्रजीतून बोलले होते.

पहिल्या आंघोळीला त्यांनी मागच्या आंगणात सगळी तयारी केली. कोमट पाणी, मग्गा, जुनं लुगडं पुसायला, दाराला बाहेरून कडी. साडी खोचून त्या पाटावर बसल्या. पहिला मग्गा पाठीवर पडताच बॉयलरने असा झटका दिला की बादली आडवी झाली. कसाबसा फेस झाला. दहा मिनिटांतलं एक मिनिटही गेलं नसेल, तो त्यांच्या काखेतून निसटला, जाळीच्या दाराची जुनी कडी उचकटली आणि सरळ आत जाऊन मारोतरावांच्या खाटेवर चढला. गादी, चादर, मारोतरावांचा सदरा, सगळीकडे फेस. आणि मारोतराव हसले. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसले. जानेवारीपासून पहिल्यांदाच. कौशल्याबाईंना क्षणभर वाटलं, जाऊ दे गादी.

मग त्यांनी बायकोकडे पाहिलं आणि डोकं हलवत म्हणाले, "तसं नाही. तसं नाही."

या वेळी ते खरंच तेच म्हणत होते. कौशल्याबाईंना कळलं. आंघोळ तशी घालायची नसते. कशी घालायची ते या माणसाला माहीत आहे. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, हाताचा फेस तसाच.

"मंग कसं? सांगा ना. काय म्हणत होते तुम्ही त्याले? कुठं धरत होते?"

मारोतरावांचे ओठ हलले. डावा हात वर आला, हवेत काहीतरी गोल फिरला, खाली आला, पुन्हा गोल फिरला. "तसं... तसं..." कपाळावर घाम आला. कौशल्याबाईंनी बॉयलरच्या पाठीवर हात गोल फिरवून दाखवला. "असा?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. कानामागे? नाही. पोटाला? नाही. ऋतुजाची जुनी वही आणून पेन डाव्या हातात दिला. कागदावर एक वाकडी रेघ उमटली, दुसरी तिला कापून गेली. मारोतराव त्या रेघांकडे पाहत राहिले. मग त्यांनी पेन भिंतीवर फेकला आणि तोंड वळवून रडू लागले. बॉयलर त्यांचं कोपर चाटत होता. कौशल्याबाईंना काय करावं कळेना. कुत्र्याला खाली ओढावं, नवऱ्याचे डोळे पुसावे, की गादी वाळत घालावी? त्यांनी गादी वाळत घातली.

रात्री फोनवर त्यांनी मुलीला विचारलं, "तुह्या बाबाचं तुले काही आठवते का? आंघोळीच्या वेळी ते त्याच्याशी काय बोलत होते?"

ऋतुजा म्हणाली, "आई, रविवारी मी झोपूनच राहत होती ना वं. दहाच्या आधी उठलीच नाही मी कधी." तिने तिच्या मोबाईलमध्ये शोधून पाहिलं. बॉयलरचे तीसेक फोटो होते. आंघोळीचा एकच निघाला, फेसाने पांढरा झालेला कुत्रा आणि त्याच्यामागे मारोतरावांची पाठ. व्हिडिओ एकही नव्हता. आठ वर्षांतले चारशे रविवार, आणि घरात कुणालाही त्यातलं एक वाक्य माहीत नव्हतं.

मग कौशल्याबाईंनी एक युक्ती केली. मारोतरावांना खुर्चीत बसवून खुर्ची मागच्या दारापर्यंत ओढली आणि त्यांचा डावा हात बॉयलरच्या मानेवर ठेवला. बॉयलर थांबला. खरंच थांबला, कान मागे टाकून. कौशल्याबाईंनी घाईने पाणी ओतलं, शाम्पू चोळला. तीन मिनिटं झाली. चार झाली. तेवढ्यात मारोतरावांचा तोल सरकला, हात घसरून पट्ट्यात अडकला, कुत्रं भांबावून उसळलं आणि खुर्ची पुढे ओढली गेली. पडले नाहीत, कौशल्याबाईंनी खांदा लावला. पण मनगटावरची कातडी बोटभर सोलून निघाली आणि रक्त पातळ होण्याच्या गोळ्यांमुळे ते थांबता थांबेना. त्यानंतर ती युक्ती त्यांनी पुन्हा केली नाही.

जटा मात्र वाढतच होत्या. पोटाखालची एक तर लिंबाएवढी झाली होती आणि चालताना कातडी ओढत होती. कौशल्याबाईंना वाटलं, एवढं तर आपल्याला जमेल. उमरेडला त्यांच्या वडिलांकडे दोन माग होते. लहानपणी मागावरच्या सुताचा गुंता सोडवायचं काम त्यांचंच, आणि घरात त्यांच्याइतकी चिवट बोटं कुणाची नव्हती. बॉयलर दुपारी गाढ झोपला असताना त्या फणी घेऊन बसल्या. टोकाकडून केस केस सोडवत गेल्या. अर्धी जट सुटलीही. पण मुळाशी ती दाबलेल्या लोकरीच्या नमद्यासारखी घट्ट बसली होती. तेव्हा त्यांनी ब्लाउज कापायची कात्री आणली. जटेखाली पातं सरकवलं. त्याच वेळी बॉयलरने कूस बदलली.

सूत कापलं की फक्त सूतच कापलं जातं. इथे केसांबरोबर कातडीही वर ओढली गेली होती. कुत्रं असं किंचाळलं की मारोतराव खाटेवर अर्धे उठले. पोटाखाली दोन बोटं लांबीची फट उघडली. बॉयलरने त्यांना चावलं नाही. चावला असता तर कौशल्याबाईंना बरं वाटलं असतं. तो दिवाणाखाली अगदी कोपऱ्यात जाऊन बसला आणि त्या वाकल्या की भिंतीला आणखी चिकटे.

मारोतराव ओरडत होते, "तसं नाही! तसं नाही!"

"माहीत हाये मले तसं नाही!" कौशल्याबाई जमिनीवर बसूनच ओरडल्या. "साऱ्या दुनियेले माहीत हाये तसं नाही! कसं, ते सांगा! नाही सांगता येत तं चूप राहा!"

मारोतराव चूप झाले. नंतर दोन दिवस त्यांनी ते दोन शब्दही काढले नाहीत, आणि तेवढे दोन दिवस घरात इतकी शांतता होती की कौशल्याबाई कुलर उगाचच सुरू ठेवत.

पोट कापलं त्याच संध्याकाळी डॉक्टर बारापात्रे स्वतः स्कूटरवर आल्या होत्या, कारण बेचाळीस डिग्रीत कुत्र्याला दिवाणाखालून काढून नेणं होणार नव्हतं. लोटून, ओढून, टॉवेलात गुंडाळून त्यांनी जागा बधिर केली आणि तीन टाके घातले. मग त्यांनी घर पाहिलं. खाट, खाटेखालचं भांडं, भिंतीवर टांगलेला व्यायामाचा तक्ता, कौशल्याबाईंचे शाम्पूने फाटलेले हात.

"माह्यानंच कापल्या गेलं," कौशल्याबाई म्हणाल्या.

"दर आठवड्याला एक तरी असं येतं माझ्याकडे, काकू. जटेला कात्री कधीच लावायची नाही, मशीनच लावायची. चूक माझी आहे. मी तुम्हाला दोन माणसांचं काम सांगितलं आणि माणूस एकच आहे." मग त्यांनी स्पष्ट सांगितलं. रक्त तपासू, ठीक निघालं तर एकदा गुंगीचं इंजेक्शन देऊन सगळे केस काढू. केस नसले की औषध कातडीपर्यंत पोचेल आणि वाळवायलाही सोपं. "दिसेल विचित्र. उन्हात सोडायचा नाही, कातडी भाजेल. आणि पुढची आंघोळ विसरा. ओल्या फडक्याने एका दिवशी एक भाग. आज एक पाय, उद्या पाठ."

शुक्रवारी बॉयलर परत आला तो दुसराच कुणी वाटत होता. करडी-गुलाबी कातडी, त्यावर काळे डाग, बरगड्या मोजता येतील असा. एवढा लहान जीव एवढ्या केसांत राहत होता! अजून गुंगी उतरलेली नव्हती. तो लटपटत खाटेशी गेला. मारोतरावांनी खाली पाहिलं. खूप वेळ पाहिलं. त्यांना तो ओळखू येत नसावा, किंवा ओळखू येत असावा म्हणूनच त्यांनी डोळे मिटून घेतले. कौशल्याबाई जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "बॉयलरच हाये अवो. केस येतीन. डॉक्टरीण म्हणत होती, दिवाळीलोक येतीन." त्यांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या पापण्यांतून पाणी कानाकडे ओघळलं आणि कौशल्याबाईंनी पदराने ते टिपलं.

मे महिना असाच गेला. रोज सकाळी मारोतरावांचं अंग पुसून झालं की त्याच वेळी दुसऱ्या तसराळ्यात औषधाचं पाणी करून कौशल्याबाई बॉयलरजवळ जमिनीवर बसत. गुडघे दुखत, पण खाली बसल्याशिवाय तो पाय देत नसे. त्या काहीबाही बोलत. बटाटे किती महाग झाले, ऋतुजाचा फोन आला नाही, लतिकाबाईंची सून रुसून गेली. आपण बोलतो ते बरोबर की चूक, हे सांगणारं कुणी नव्हतं. बॉयलर कधी तीन मिनिटं थांबे, कधी तीस सेकंद. उठून गेला की त्या त्याच्यामागे जात नसत. डॉक्टरांनी तसंच सांगितलं होतं, आणि मागे जायचं त्यांच्यात बळही नव्हतं. शेपटीजवळची जखम भरली. टाके निघाले. पाठीवर मखमलीसारखी लव आली. एकदा मारोतराव खाटेवरून हे सगळं पाहत होते आणि पूर्ण वेळ काहीच बोलले नाहीत. ही परवानगी होती की थकवा, हे कौशल्याबाईंना ठरवता आलं नाही.

जुलैत हवा दमट झाली. कपडे दोन दोन दिवस वाळेनात. एका सकाळी कौशल्याबाईंना पुन्हा टकटक ऐकू आली. त्यांनी हातातलं पातेलं ओट्यावर ठेवलं आणि जाऊन पाहिलं. पंजे लाल झाले होते, बोटांच्या बेचक्यात पिवळट थर होता. कानातून तोच आंबूस वास.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाल्या, "येणारच होतं, काकू. पावसाळ्यात परत येतं. गोळ्या त्याच सुरू करा, गुरुवारी घेऊन या."

"दर पावसाळ्यात?"

"बहुतेक दर पावसाळ्यात."

त्यांनी फोन ठेवला. रडू आलं नाही. चिडायलाही कुणी समोर नव्हतं. आत मारोतरावांची कूस बदलायची वेळ झाली होती. ती त्यांनी बदलली, पाठीखाली उशी लावली, गोळी दिली. मग तसराळं भरून बॉयलरजवळ बसल्या. पुढचा डावा पंजा पुसू दिला. उजवा पुसू दिला, बोटांमधूनही. मागचा डावा त्याने दोनदा ओढून घेतला, तिसऱ्यांदा दिला. चौथा पंजा त्याने पोटाखाली दुमडून घेतला आणि वर पाहून हलकेच गुरगुरला.

"बरं बापा," कौशल्याबाई म्हणाल्या, "राहू दे तो." त्यांनी तिन्ही पंजे कोरड्या फडक्याने टिपले, तसराळ्यातलं पाणी आंगणात ओतलं आणि फडकं पिळून दोरीवर टाकलं.